रेडिएटरमधली हवा

तेव्हा आम्ही रोह्याजवळ वरशाला राहत होतो. मी कंपनीत फिटर होतो आणि नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. फिटर असल्यामुळे गाडीचं काम आपल्याला येतंच, असा माझा समज. रेडिएटरचा वरचा पाइप फुगला होता, तो एका रविवारी मीच बदलला. काठोकाठ पाणी ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि गाडी चालू करून न बघताच हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दुकानात मेव्हण्याचा पेणहून फोन आला. सासूबाईंचं काही खरं नाही, लगेच निघा, म्हणाला. त्यांनी उभा जन्म खाडीकाठच्या मिठागरात काढला होता. महिनाभर अंथरुणाला खिळून होत्या. बायको म्हणाली, एसटीने जाऊ. दारात गाडी असताना एसटी कशाला, असं मी म्हणालो.

भिसे खिंडीच्या चढाला तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडता येत नव्हतं, त्यामुळे थांबण्यावाचून इलाज नव्हता. बायको रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिली.

तेवढ्यात मागून पेणची एसटी आली. बायकोने हात केला आणि एसटी थांबली.

"दहा मिनिटांत निघतोय आपण," मी म्हणालो. "एकटी कुठे जातेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कंडक्टरला, जा तुम्ही, म्हणाली.

दहा मिनिटांचा तास झाला. इंजिन निवल्यावर जवळच्या वाडीतून पाणी आणून भरलं, तर नागोठण्याच्या पुढे पुन्हा तेच. पुन्हा थांबलो, पुन्हा भरलं.

पेणला पोहोचलो तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. मेव्हणा पुढे आला आणि बहिणीचा हात धरून आत घेऊन गेला. सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या. त्याच्या बायकोने सांगितलं, सकाळपासून दाराकडे डोळे लावून एकच विचारत होत्या, "ती आली का गो?"

तेरावं झाल्यावर गाडी पेणमधल्याच एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. बायको सोबत होती. तिथून थेट घरी परतायचं होतं. मी काय काय केलं ते त्याने शांतपणे ऐकून घेतलं. पाणी भरपूर होतं, पण आत हवा अडकली होती, म्हणाला. हवा असेल तिथे पाणी पोहोचत नाही, आणि तिथेच इंजिन तापतं.

त्याने गाडीचं तोंड चढाकडे करून लावलं, इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढून ठेवलं आणि मग गाडी चालू केली. वरचा पाइप हळूहळू दाबत राहिला. बुडबुडे यायला लागले. पाण्याची पातळी उतरली की तो आणखी ओतायचा. पाइप गरम झाला, बुडबुडे थांबले, तेव्हा त्याने झाकण लावलं.

बायको जवळ येऊन उभी राहिली होती. तिने त्याला विचारलं, "ह्याला किती वेळ लागतो?"

"अर्धा तास. फार तर."

तिने मान हलवली आणि गाडीत जाऊन बसली.

परतताना नागोठणं मागे पडलं तेव्हा मी म्हणालो, मला हे माहीत असतं तर. तिने मला पुढे बोलू दिलं नाही.

"हवेचं नाय मला काय वाटत. ती कुणाच्याही गाडीत अडकंल. तुम्ही मला एसटीत बसू दिलं नाय."

व्हय, म्हणालो. खिंड चढून गेलो. काटा मधोमध स्थिर होता. उतार लागल्यावर ती आपण होऊन आईबद्दल बोलायला लागली. मिठाने आईच्या पायांना कशा भेगा पडायच्या आणि संध्याकाळी ती त्यांत खोबरेल तेल कशी भरायची, ते सांगत राहिली. लग्नाला सात वर्षं झाली होती. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. घर आल्यावरही मी लगेच उतरलो नाही. तिचं सांगून होईपर्यंत तसाच बसून राहिलो.