चुकलेला मांडव

मी चुकीच्या माणसाच्या दशक्रियेला गेलो आणि तिथे भाषणाला उभा राहिलो.

जायचं होतं आक्कांच्या दशक्रियेला. शिनोलीत देवळाच्या ओसरीवर मी बायकांचा कवितेचा वर्ग घेतो. आक्का त्यातल्या सर्वांत थोरल्या. त्या गेल्या आणि माझा धीरच सुटला. वर्ग आधीच रोडावलेला. कांद्याची लागण सोडून ओळी जुळवायला येणार कोण? इतकी वर्षं गावोगाव हिंडून मी नेमका कुणाच्या कामी आलो, हे विठोबाला रोज विचारत होतो. तो कमरेवर हात ठेवून ऐकून घेत होता. आक्कांना निरोप द्यायचा आणि वर्ग बंद करायचा, असं ठरवूनच निघालो. खिशात त्यांच्यावरची कविता होती, आसवं आणि चांदण्या भरपूर घातलेली. वर्गात ह्याच दोन गोष्टींना माझी सक्त मनाई असते.

घोड नदीच्या घाटावर त्या सकाळी दोन मांडव होते. उशीर झालेला, म्हणून पहिल्यातच घुसलो आणि मागे टेकलो. मनात कविता घोकत होतो, म्हणून समोरच्या बोलण्याचा अर्थ तेव्हा ध्यानात आला नाही. प्रवचन झालेलं, पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या झालेल्या, पण पिंडाला कावळा शिवत नव्हता. समोरच्या उंबरावर कावळे नुसते बसून होते. मुलांनी हात जोडून कबूल केलं, वाटण्या करणार नाही, आईला अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. पिंडाकडे डोळे लावून बसलेली त्यांची म्हातारी आई दर वेळी आणखी खचत होती. "काय राह्यलं आसंल गं ह्यांचं?" एवढंच शेजारणीला विचारत होती.

वेळ भरून काढायला सूत्रसंचालकाने मला हेरलं. "आपले कवी सर आलेत. दोन शब्द बोलतील." माईक हातात आला आणि हारांमागचा फोटो मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. झुबकेदार मिशा. आक्कांना मिशा नव्हत्या.

पळायला जागा नव्हती. मनात म्हणालो, विठ्ठला, ह्या माणसासाठी माझ्याकडे एकही शब्द नाही, आता तूच बघ. इतकं खरं मागणं मी आयुष्यात फारसं मागितलेलं नाही. मग सवयीने तोंडून तेच निघालं, जे प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी निघतं. "मोठं काही नको. ह्यांची एकच बारीक गोष्ट सांगा, फक्त तुम्हालाच ठाऊक असलेली." आणि माईक म्हातारीपुढे धरला.

लोक माझ्याकडे रागाने बघू लागले. मग ती हळू बोलली.

"लगीन झालं तवा मला हिरीचं लई भ्या वाटायचं. ह्यांनी पाठीला डबा बांधून पवायला शिकवलं. सासूला सांगायचे, मोटर बघाया जातो. मोटर कवा बिघडलीच न्हाई."

कुणीतरी हसलं. तीही हसली, आणि हसता हसता थांबली. पिंडाकडे वळून म्हणाली, "अवं, नातीला शिकवायचं राह्यलं, व्हय ना? म्या शिकवते. जावा आता."

पंख फडफडले. कावळा उतरला, पिंडाला शिवला. म्हातारी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर रडली, असं तिची सून नंतर म्हणाली.

कावळा तेव्हाच का उतरला, मला माहीत नाही. त्याला भूक लागली असेल, माझी ना नाही. मला मात्र माझं उत्तर मिळालं. लोकांच्या तोंडात शब्द घालणारा मी कोण? माईक पुढे करायचा आणि बाजूला व्हायचं. एवढं उमगायला विठोबाला मला हाताला धरून चुकीच्या मांडवात बसवावं लागलं, ह्या उपकारापुढे आजही डोकं टेकतो. वर्ग चालू आहे.

तिथून आक्कांच्या मांडवाकडे धावलो, तर सतरंज्या गुंडाळणं चाललेलं. वर्गातल्या हौसाबाईंना सगळं सांगितलं, आणि आक्कांवरची कविता मात्र राहून गेली म्हणत कागद पुढे केला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि माझ्या खिशात परत कोंबला.

"देवानंच तुमाला तिकडं धाडलं, सर. ह्यो कागद हितं वाचला आसता, तर आक्काचा कावळा पार जुन्नरला उडाला आसता."