पाठीला बसणारी बॅग

आचऱ्यातल्या एका शाळेत मी कारकून आहे. घर तिथून सहा किलोमीटरवर, आणि घरात मी एकटाच. बहीण लग्न होऊन गोव्याला गेली, आईवडील एकामागोमाग गेले, माझं लग्न जमता जमता राहून गेलं. चाळिशीत डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवून रोज चालायला सांगितलं. चालायचा मला कंटाळा, म्हणून मी शाळेत धावत जाऊ लागलो. संध्याकाळी धावतच परत.

पहिल्याच आठवड्यात शाळेच्या शिपायांनी मला रस्त्यात गाठलं. शाळेत सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांचं घर माझ्या पुढच्या वाडीत. स्कूटर थांबवून, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत ते म्हणाले, "पिशी माझ्याकडे दी आणि तू धाव."

तेव्हापासून सात वर्षं माझा डबा, शर्ट-पँट आणि पंचा त्यांच्या स्कूटरवरून शाळेत जात होता. मी घामाने निथळत पोचायचो तोवर माझा शर्ट कपाटामागच्या खिळ्याला टांगलेला असायचा. मी अंग पुसून कपडे बदलेपर्यंत भाऊ दाराशी उभे राहून काहीबाही सांगायचे. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, खाडीत काय मासे मिळताहेत, असंच. ती दहा मिनिटं सोडली तर दिवसभर मी बोलायचो ते दाखले आणि पगारबिलं यांबद्दलच.

मे महिन्यात भाऊ निवृत्त झाले आणि मुलाकडे पनवेलला राहायला गेले. निरोपसमारंभाचं आभारपत्र मीच टाइप केलं. जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी डबा भरून मी अंगणात उभा राहिलो, तेव्हा लक्षात आलं की तो आता मलाच न्यायचा आहे.

घरात कुठल्याशा प्रशिक्षणात मिळालेली एक बॅग होती. तीच पाठीला लावली. पहिल्या वळणापर्यंतच ती कमरेवर धपाधप आपटू लागली. डबा आत उलटला, आणि शाळेत पोचून पाहिलं तर शर्टाला माशांचं तिखलं लागलेलं. दुसऱ्या दिवशी डबा घट्ट बांधला, शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घातला. पण बॅगेची शिवण पाठीच्या मधोमध घासत राहिली. चार दिवसांत तिथलं कातडं सोलवटलं.

संध्याकाळी खोबरेल लावायला बसलो, तर हात तिथवर पोचेना. वरून नाही, खालून नाही. शेवटी भाताच्या कालथ्याला कापूस गुंडाळला, तेलात बुडवला आणि आरशाकडे पाठ करून अंदाजाने फिरवला. आरशात स्वतःला तसं बघून मला आधी हसू आलं. मग किती तरी वेळ तो कालथा हातात धरून मी तसाच बसून राहिलो. आपल्या पाठीला शेवटचा हात कुणाचा लागला, ते मला आठवेना.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी नवी बॅग घ्यायला एसटीने कणकवलीला गेलो. जाताना डबा, कपडे, पंचा सगळं एका कापडी पिशवीत घेतलं होतं. रिकामी बॅग सगळ्यांनाच हलकी वाटते. दुकानदाराने कॉलेजच्या पोरांच्या बॅगा दाखवल्या, डोंगर चढणाऱ्यांच्या मोठ्या सॅक दाखवल्या. मी प्रत्येकीत माझं सामान भरायचो आणि दुकानासमोरच्या गल्लीत धावून यायचो. एक खांद्यावरून घसरायची, एक काखेत कापायची. दुकानदार आधी कौतुकाने बघत होता. चौथ्या बॅगेनंतर तो मोबाइल बघू लागला.

दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी मासेवाली अर्धं भरलेलं टोपलं शेजारी ठेवून बसली होती. पाचवी बॅग अरुंद होती, छातीवर आणि कमरेला पट्टे असलेली. ती लावून मी परत आलो तशी म्हातारी म्हणाली, "ही बरी आसा. पण खाली लोंबता. हडे ये."

मी तिच्यासमोर पाठ करून उभा राहिलो. तिने खांद्याचे पट्टे दोन्ही बाजूंनी खाली ओढले. डबा तळाशी होता, तो काढून पाठीच्या बाजूला वर उभा लावला, त्याच्या बाहेरून पंचा कोंबला. मग तळहाताने बॅग माझ्या पाठीवर दाबली. कातडं सोललं होतं तिथे झोंबलं, पण मी हललो नाही.

"वजन वर व्हया, आंगाक चिकटान," ती म्हणाली. "घरात बघूक कोण नाय तुका?"

"नाय," मी म्हणालो.

तिने माझी कीव केली नाही. पदर खोचत म्हणाली, "माका पण टोपली डोक्यार घेवक दुसरो माणूस लागता. हात लाव जरा."

मी टोपलं उचलून तिच्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवलं. ती मान ताठ करून एसटी स्टँडच्या दिशेने गेली. मी पुन्हा एकदा गल्लीत धावून आलो. बॅग जागची हलली नाही. दुकानदाराला म्हटलं, हीच द्या.

त्या गोष्टीला आता दुसरं वर्ष चाललंय. बॅग चांगली निघाली. पाठ बरी झाली. भाऊंचा फोन पहिले काही महिने येत असे, आता सणासुदीला येतो. शाळेत नवे शिपाई आहेत, ते मला सर म्हणतात आणि दारातूनच निघून जातात.

बॅग घेताना काय बघावं, ते मला आता नीट माहीत आहे. आपलं सामान बरोबर न्यावं, भरून धावून बघावं, शिवण कुठे येते ते बोटांनी चाचपावं, जड वस्तू वर आणि पाठीलगत ठेवावी. कुणी विचारलं तर मी सगळं सांगेन, सावकाश, हवं तर पट्टेही बांधून देईन. अजून कुणी विचारलेलं नाही.