वहिनीच्या पेपरची चिरफाड

घरात तिला सगळे वन्संच म्हणत. खरं तर म्हणायचं फक्त वहिनीनं, पण वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ही नणंद फ्रॉकात होती, आणि एवढ्याशा पोरीला कुणी 'अहो वन्सं' म्हणताना ऐकून घरभर हशा पिकला. तेच नाव चिकटलं. पुढे सख्खा भाऊसुद्धा वन्सं म्हणू लागला. तिला मान आवडायचा, त्यामुळे तिची तक्रार नव्हती.

मान तिनं कमावलाही होता. शाळेपासून पहिला नंबर कधी सोडला नाही. घरात कशावरून वाद झाला की शेवटी कुणीतरी म्हणे, "वन्संनी पाहिलंय ना? मग झालं," आणि विषय तिथेच संपे. विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एम.ए.ला गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं मनाशी ठरवलं, की तिथे शिकवणाऱ्या एका मॅडमच्या संशोधन खोलीतलं खिडकीजवळचं टेबल आपलं. मॅडम दरवर्षी एकाच विद्यार्थ्याला सहायक म्हणून ते टेबल देत, ज्याचा शेवटचा संशोधन-पेपर सरस त्याला. शर्यतीत दुसरं कुणी आहे असं वन्संला वाटतच नव्हतं.

आणि मग त्याच वर्गात वहिनीनं नाव घातलं. मुलगी शाळेत जायला लागली होती, पदवी होतीच, दिवस रिकामा जात होता. प्रवेशाची माहिती वन्संनीच हौसेनं आणून दिली. आपण शिकवतोय आणि वहिनी मान डोलावतेय, असं सुखाचं चित्र तिच्या डोळ्यांपुढे होतं.

झालं उलटंच. ॲप्लाइड इकॉनोमेट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांवरून कारणं शोधायच्या तासाला मॅडम सूत्रं कमी लिहीत आणि प्रश्न जास्त विचारत. एकदा म्हणाल्या, "आकडे सांगतात, शिकवणी लावलेल्या मुलांना मार्क कमी पडतात. मग शिकवणी वाईट का?" वन्संनी हात वर करून दोन संख्याशास्त्रीय कसोट्यांची नावं धडाधड सांगितली. नावं बरोबर होती. मागच्या बाकावरून वहिनी म्हणाली, "पण मॅडम, शिकवणी लावतात कुणाला? जे मागे पडलेत त्यांनाच ना?" मॅडमनी खडू खाली ठेवला आणि वहिनीकडे बघत राहिल्या. वन्संकडे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून वन्संच्या पोटात दुखायला लागलं. या विषयात सगळा खेळ एका वाक्याचा असतो: बाकी सगळं सारखं धरून काय फरक पडतो ते पाहा. वन्सं तेच वाक्य घरात लावून बघे. घर एक, बस एक, वर्ग एक, डबा एकाच हातचा. वर वहिनीच्या मागे मुलीचा गृहपाठ आणि सासूचे गुडघे. मग हिलाच का सुचतं? उत्तर एकच निघत होतं आणि ते वन्संला मुळीच पसंत नव्हतं. वहिनी बसमध्ये वही काढून प्रेमानं विचारायची, "वन्सं, हे समजावता का हो?" तर हिला वाटायचं, चिडवतेय. वहिनीला चिडवणं येतच नव्हतं, हे आणखी एक दुखणं.

शेवटच्या सत्रात वहिनीनं पाळणाघरांवर पेपर लिहिला. शहरात काही वस्त्यांमध्ये पाळणाघरं उघडली होती, काहींत नव्हती. वहिनी पाळणाघरांच्या दारात उभी राहून बायकांशी बोलली, नसलेल्या वस्त्यांतही घरोघर फिरली. आकड्यांतून स्पष्ट निघालं, की पाळणाघर आलं तिथे मुलांच्या आया बाहेर कामाला लागल्या. काम साधं, स्वच्छ होतं. वर्गात कुजबुज सुरू झाली, की टेबल यंदा वहिनीचं.

मॅडमच्या वर्गात एक पद्धत होती, तिला पोरं चिरफाडीचा तास म्हणत. प्रत्येकाचा पेपर आकड्यांसकट दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि त्यानं तो मोडून दाखवायचा प्रयत्न करायचा. वहिनीच्या पेपरसाठी वन्संनी आपणहून नाव दिलं. "बरं झालं, घरचंच माणूस," वहिनी म्हणाली.

तो पेपर मोडायला वन्संनी जंग जंग पछाडलं. वस्त्या वगळल्या, वर्षं वगळली, एकुलत्या मुलांच्या आया बाजूला काढल्या. निष्कर्ष जागचा हलेना. मग तिनं एक गोष्ट केली. तुलना करताना घराचं उत्पन्न सारखं धरलं, आणि तेही पाळणाघर उघडल्यानंतरचं, म्हणजे आईच्या पगारासकट. साखरेनं चहा किती गोड होतो ते शोधायचं आणि गोडी सारखीच धरायची, तसला हा प्रकार. पहिल्या वर्षाला शिकवतात की असं करायचं नसतं. पाळणाघराचा परिणाम पडद्यावरून पार पुसला गेला. वन्संनी तक्त्यात त्या ओळीला नाव दिलं, 'घरची परिस्थिती'.

तासाला मॅडमनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "ही परिस्थिती पाळणाघर सुरू व्हायच्या आधीची ना?"

"हो," वन्सं म्हणाली.

वहिनीचा पेपर मोडला. टेबल वन्संला मिळालं.

त्या दिवशी जेवताना वहिनीनंच घरात सांगितलं. "वन्संनी वेळेवर पकडलं म्हणून. नाहीतर खोटंच छापून आलं असतं माझ्या नावानं."

"तू परत बघितलंस का पण?" भावानं विचारलं.

"वन्संनी पाहिलंय ना," वहिनी म्हणाली आणि मुलीला घास भरवू लागली. पुढे सहज म्हणावं तसं म्हणाली, की आता परीक्षा देईन, पण पुढचं काही शिकायचं नाही. आपला वकूब कळला.

आईनं नंतर वन्संला बाजूला घेऊन म्हटलं, "बघ, हरली पण चेहऱ्यावर रेघ नाही. मन किती मोठं पोरीचं." जिंकल्याबद्दल आईनं वन्संचं कौतुक केलं होतंच, पण ते असं डोळे भरून नव्हतं. वन्संचा तिळपापड झाला. आता हरण्यातही हिचाच पहिला नंबर.

खिडकीजवळच्या टेबलावर बसून तिला काही सुचेना. वहिनीनं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली होती आणि घरात सगळे तिच्याशी हळू आवाजात, मायेनं बोलत होते. शेवटी वन्संनी ठरवलं, खरं सांगून टाकायचं. पश्चात्ताप होता, नाही असं नाही. पण त्यात निम्मा वाटा याचाही होता, की चांगुलपणाचं सगळं श्रेय एकट्या वहिनीकडे कशाला. थोडं आपल्या पदरात पडू दे.

तिनं सकाळी मॅडमना सांगितलं. मॅडमनी टेबलाची किल्ली मागून घेतली. दुपारी वन्सं वहिनीला कॉम्प्युटरच्या खोलीत घेऊन गेली, तिच्यासमोर तक्त्यातली ती 'घरची परिस्थिती'ची ओळ काढून टाकली आणि आकडेमोड पुन्हा केली. पाळणाघराचा आकडा होता तसा परत आला.

"मी मुद्दाम केलं, वहिनी," ती म्हणाली. "मला तुझा हेवा वाटत होता. पहिल्या दिवसापासून."

वहिनी रडेल, गळ्यात पडेल, निदान ओरडेल, असं तिला वाटलं होतं. तिन्हींची तयारी तिनं केली होती.

वहिनी पडद्याकडे बघत म्हणाली, "त्या बायकांनी मूल कडेवर घेऊन, कामाची वेळ सांभाळत मला सगळं खरं सांगितलं होतं. आणि मी तुमच्या एका शब्दावर त्यांना खोटं ठरवून मोकळी झाले. माझीच मला लाज वाटते." मग खुर्ची ओढून बसली आणि मूळ आकड्यांची पहिली ओळ उघडली. आकडा न् आकडा ती नव्यानं जुळवून पाहू लागली.

वन्सं मागे उभीच होती. "सरक, वहिनी," ती अखेर म्हणाली. "मी करून देते. लवकर होईल."

"नको," वहिनी वळून न बघता म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही केलंत तर मला ते परत तपासावं लागेल."

लहानपणापासून त्या घरात वन्संचं कुणी काही परत तपासलं नव्हतं. ती तशीच दारापर्यंत गेली. कुणीतरी हाक मारेल म्हणून थांबली, आणि मागे फक्त कीबोर्डचा आवाज येत राहिला.