त्सुकामोतो गुरुजींचे केस

जपानातल्या गुन्मा प्रांतातल्या एका विज्ञानघराच्या दारावर पाटीच होती, ‘सगळ्याला हात लावा’. त्सुकामोतो गुरुजींच्या केसांना मात्र हात लावायची कोणाची छाती नव्हती. निवृत्त झाल्यापासून गुरुजी तिथे हौसेने सेवा करत. अकरा वर्षं ते केसांचा टोप घालत होते, आणि तो टोप आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण बोलणार कोण? ते सकाळी न्हाणीघरात चर्रकन चिकटपट्टी फाडून टोप चिकटवत, तेवढा वेळ तो आवाज झाकायला बायको फुमीए रेडिओ मोठ्याने लावून ठेवायची.

गुरुजींना वाटे, कोणाला म्हणून पत्ता नाही. त्या समजुतीवर त्यांचा सगळा रुबाब उभा होता. म्हणून जानेवारीच्या कोरड्या हवेत त्यांना विजेच्या गोळ्यापाशी नेमलं, तेव्हा ते गारच पडले. त्या गोळ्याला हात लावला की डोक्यावरचा केस न् केस उभा राहतो. नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार! शेवटी त्यांनी ठरवलं, बटण आपण दाबायचं, हात पाहुण्यांनी लावायचा.

मंगळवारी विणकाम मंडळाच्या नऊ बायका आल्या.

“तुम्ही व्हा ना पुढे.”

“छे छे, आधी तुम्ही. तुम्ही मोठ्या.”

“मोठी? बासष्ट म्हणजे काय वय झालं?”

दहा मिनिटं कोणी जागची हलेना. मग अध्यक्षीण कामेयामाबाई म्हणाल्या, “गुरुजी, आधी तुम्हीच दाखवा,” आणि नऊजणी एकदम कमरेत वाकल्या. आता नाही म्हणायची सोयच उरली नाही.

गुरुजी स्टुलावर चढले आणि डोळे मिटून गोळ्यावर हात ठेवला. केस उभे राहिले, चिकटपट्टीने दम सोडला आणि टोप उडून थेट कामेयामाबाईंच्या पिशवीत पडला.

नऊजणी ताबडतोब छताकडे बघू लागल्या.

“दिवा छान आहे, नाही?”

“फारच छान.”

कामेयामाबाईंनी टोप हलकेच झटकला, दोन्ही हातांत धरला आणि नावाचं कार्ड द्यावं तसा वाकून पुढे केला. “गुरुजी, आपलं काहीतरी पडलं वाटतं.”

गुरुजींनीही तो दोन्ही हातांनी, वाकून घेतला. त्यांचं तुळतुळीत टक्कल नऊजणींच्या समोर आलं, तरी एकीनेही ‘अय्या’ म्हटलं नाही. तेव्हा कुठे गुरुजींच्या डोक्यात उजेड पडला. यांना सगळं आधीपासूनच ठाऊक होतं! आधी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं.

टोप खिशात घालून ते उघड्या डोक्याने घरी गेले. दारात त्यांनी बूट काढले. फुमीएने घरातल्या सपाता पुढे सरकवल्या आणि मान वर करून क्षणभर पाहिलं.

“आज केस कापलेत वाटतं?”

“हो. जरा जास्तच.”

“बरे दिसतात,” ती म्हणाली. “उद्यापासून सकाळी रेडिओ लावायला नको मग.”