राखअण्णांचा पहिला स्लॅब

राखअण्णा खिशात तपकिरीच्या डबीत राख बाळगत. नवा माणूस भेटला की चिमूटभर त्याच्या तळहातावर ठेवून म्हणत, "चोळून बघा. मैद्यासारखी आहे की नाही?" लग्नाच्या बोलणीसाठी मी पुण्याहून बंगळूरला गेलो तेव्हा मलाही मिळाली. मी अंगारा समजून ती कपाळाला लावली. सासरची मंडळी अजून हसतात.

अण्णा माझ्या बायकोचे काका. येलहंक्याला त्यांचा फरसबंदीच्या ठोकळ्यांचा छोटा कारखाना होता. वीज केंद्रात कोळसा जळून उरलेली राख ते ट्रकने आणवत आणि काँक्रीटमध्ये बऱ्याचशा सिमेंटऐवजी तीच घालत. "सिमेंट भाजायला आभाळभर धूर सोडायचा, आणि ही बिचारी आयती जळून आलेली, ती फेकून द्यायची?" ते विचारत. लोक मान डोलवत. राखेच्या ठोकळ्यांवरून चालतही. पण तिचं छप्पर डोक्यावर घ्यायला कुणी तयार नव्हतं.

मी झालो. त्यात शौर्य काही नव्हतं. बायकोने परस्पर होकार देऊन टाकला होता. लग्नानंतर बंगळूरलाच बांधलेल्या आमच्या घराचा स्लॅब हा अण्णांचा पहिला, आणि फसला असता तर शेवटचा.

स्लॅब ओतताना त्याच काँक्रीटचे काही ठोकळे वेगळे करून ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. सातव्या दिवशी आमचा पहिला ठोकळा फारच लवकर फुटला. मी विमा कचेरीतला माणूस. संध्याकाळपर्यंत निम्म्या नातेवाइकांना कळवून मोकळा झालो.

अण्णा रागावले नाहीत. "जावईबापू, सात दिवसांच्या बाळाला पळवता काय? राख सावकाश धरते. स्वल्प थांबा. वर पाणी साठू द्या, आणि महिनाभर खालचे टेकू काढायचे नाहीत."

वास्तुशांत तर तिसऱ्या आठवड्यात होती. गुरुजी मुहूर्त हलवेनात, अण्णा टेकू हलवू देईनात. शेवटी होम अंगणात झाला आणि पंगत आत, लाकडी टेकूंच्या जंगलात बसली. वाढपी खांबांना वळसे घालून दमले. शेजारच्या आजीबाई बायकोला म्हणाल्या, "अक्का, जेवायला बोलावलंस की लपंडाव खेळायला?" सगळ्यांत मोठ्याने अण्णाच हसले. मात्र त्या दिवशी त्यांनी पानातली होळगी, म्हणजे पुरणपोळी, तशीच ठेवली, हे मी पाहिलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी दुसरा ठोकळा यंत्रात ठेवला. काटा हव्या त्या आकड्यापाशी आला, पुढे सरकला, आणखी सरकला. अण्णा फक्त "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले आणि रुमालाने चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी टेकू निघाले. शेवटचा काढताना अण्णा बरोबर मधोमध, स्लॅबखाली जाऊन उभे राहिले. बायको त्यांच्याशेजारी गेली. उंबऱ्यावर उरलो मी एकटा. आत गेलो तो एक हात डोक्यावर धरूनच. अण्णांनी हळूच तो खाली घेतला आणि बराच वेळ आपल्या खरखरीत हातात धरून ठेवला.