कारध्याचा लॅपटॉप-डॉक्टर

कारध्याला पुलाजवळ लॅपटॉप दुरुस्त करणारा एक माणूस होता. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, सगळे डॉक्टरच म्हणत. आधी तो लॅपटॉपला कान लावायचा, मग पाठीवर अशी थाप मारायचा की वैनगंगेतले मासे दचकून वर यायचे.

त्या दिवशी चार वाजता माझ्या पोरीची नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर होती आणि महिनाभर कपाटात पडून असलेल्या आमच्या जुन्या लॅपटॉपला वायफायच दिसेना. डॉक्टरनं ड्रायव्हर टाकला, काढला, पुन्हा टाकला. उदबत्ती ओवाळायची तेवढी राहिली. शेवटी झाकण उघडलं, तर आत वायफायच्या कार्डाची जागा रिकामी!

"चोरी झाली भाऊ! याच्याआधी कोनाले देला होता खोलाले?"

"तुम्हालाच. मागच्या महिन्यात, कीबोर्ड बदलायला."

चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "तरीच! एक स्क्रू बी कमी नाही. असं सफाईचं काम आपल्या जिल्ह्यात दुसरा कोन करते?"

मग त्यानं फळीवरचा दुसराच लॅपटॉप उघडला आणि त्यातलं कार्ड माझ्या लॅपटॉपात बसवलं. वायफाय लागलं.

"अहो, हा कोणाचा?"

"कायले घाबरून राहिले? तळ्याचं पानी कसं, वावराले नंबरानं सगळ्याइले भेटते. आज तुमचा नंबर."

मी गुपचूप घरी आलो. मुलाखत झाली, पोरगी नोकरीला लागली. आता त्या लॅपटॉपचं काहीही बिघडो, मी दुरुस्तीला नेत नाही. नंबर नक्की दुसऱ्या कोणाचा तरी लागलेला असणार.