पेटीच्या आत कुंकू

दसऱ्याची सकाळ. अमरावतीच्या घरी रागिणी झेंडूचं तोरण ओवत होती, सासूबाई आशाबाई पुरण शिजवत होत्या. दार वाजलं. दारात रागिणीचे कॉलेजातले विभागप्रमुख, उद्धव सर. हातात पेढ्यांचा डबा.

"तोंड गोड कर! काल खंडेनवमीले तुझ्या मशीनची पूजा झाली. संस्थेचे अध्यक्ष आले होते."

"मी दुपारीच बाहेरून हळदकुंकू लावलं होतं, सर. मशीनची पेटी बंदच होती ना?"

"उघडली नं! अध्यक्ष म्हणे, कुंकू मशीनच्या आत लावू. झडप फिरवून आत हवा सोडली, पेटीचं दार उघडलं, उदबत्ती ओवाळली. फोटो काय मस्त आले!"

रागिणीचा हात दोऱ्यावरच राहिला.

अकोल्याच्या माहेरून ती फिजिक्सचं वेड घेऊन आली होती. संसार सांभाळून पीएच.डी. चालली होती. त्या पेटीतली सगळी हवा काढून तिनं चकतीवर केसाहून कितीतरी पातळ पापुद्रा चढवला होता. हा थर पोटातून वीज जाऊ देत नाही, अंगावरून तेवढी वाहू देतो. त्यावर चुंबकाचा थर बसला, की वीज काठाकाठानं, एकाच दिशेनं, न अडखळता धावावी, ही तिची आस. सारी करामत दोन थरांच्या सांध्यात, म्हणून वरचा थर बसेपर्यंत खालच्याला हवासुद्धा लागू द्यायची नसते. वरचा थर सुट्टीनंतर चढायचा होता. दिल्लीच्या प्रयोगशाळेत मोजणीची पाळी वर्षभर वाट पाहून मिळाली होती, तीही येत्या आठवड्यात.

"पापुद्रा वाया गेला, सर."

"अवं, चकचकीत त दिसते! अहवालात लिही, वीज गेली अन् बिघडला. आपल्याकडं जातेच." हसत त्यांनी पेढा तिच्या तोंडाजवळ नेला. नखात कालचं कुंकू तसंच होतं.  रागिणीनं तोंड फिरवलं.

आशाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "पोळीच्या पदरात राख गेली त मी कोणाच्या ताटात वाढत नाही, सर. अन् तुमी हिले खोटं लिहाले सांगून राहिले?"

"काकू, अध्यक्षाले नाही कसं म्हणू?"

"अन् हिले खोटं लिही म्हणून बरं सांगता आलं!"

तरीही सरांना हसू आवरेना. त्या हसण्याचीच रागिणीला जास्त किळस आली. तिनं डबा बंद करून त्यांच्या हातात परत दिला.

"वीज गेली नव्हती, तसं मी लिहिणार नाही. दिल्लीची पाळी हुकली तरी पापुद्रा पुन्हा करीन. फक्त मशीनच्या खोलीची चावी माझ्याजवळ राहू द्या, सर."